जिथं हात थांबला

आमच्या मामांची कादंबरी वाचून पुण्या-मुंबईची माणसं पोट धरून हसतात, असं मामांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी एकच विचारलं असतं, "हात थांबला का त्यांचा?"

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली आणि त्यांची कादंबरी छापून आली ती चार वर्षांपूर्वी. 'उभा धागा, आडवा माणूस' हे नाव त्यांनीच दिलेलं. जिवंतपणी ते बाड किती वेळा पोस्टानं गेलं आणि किती वेळा परत आलं, ते पोस्टमनलाच ठाऊक. शेवटी शेवटी तर तो गल्लीच्या तोंडाशीच हसायला लागायचा, आणि मामा म्हणायचे, "आला बघा, म्हाताऱ्याचा जावई माघारी आला." मग माझ्या मुलीनं एकदा त्यातल्या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढून मैत्रिणींना पाठवले, आणि तिथून कुणाच्या कुणाच्या ओळखीनं पुण्याचा प्रकाशक मिळाला. आता त्यातले उतारे पोरं स्टेजवर वाचतात. ज्या गल्लीत रिक्षावाला जायला कुरकुर करतो, त्या गल्लीचे फोटो लोक काढून नेतात.

मागच्या महिन्यात प्रकाशकाकडच्या संपादक मुलीचा फोन आला. गोड बोलते ती, मला काकू म्हणते. नवी आवृत्ती निघायची आहे, म्हणाली. "काकू, कच्च्या लिखाणातलं काही राहिलंय का? काढून टाकलेलं एखादं प्रकरण?"

मी म्हटलं, "नाही गं, काहीच नाही."

आणि फोन ठेवला. त्या दिवशी माझ्या तीन भाकरी करपल्या. खोटं बोलायची सवय नाही असं नाही, पण हे खोटं चाळीस वर्षांचं होतं, आणि आत्ता ते मामांच्या अंगावर आलं होतं. कारण त्याच आठवड्यात एका मोठ्या समीक्षकांनी लिहिलं होतं, की सगळ्या गल्लीवर माया करणाऱ्या या लेखकाला घरातली सून मात्र दिसली नाही, ती पुस्तकभर नुसती चहा आणून देते. वाचताना माझे कान गरम झाले. मामांना सून दिसली होती हो. चांगली लख्ख दिसली होती. तिनंच ते प्रकरण बंबात घातलं.

म्हणून परवा सात रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटला कुलूप लावलं, नवी वही घेतली आणि रिक्षा करून पूर्व भागातल्या आमच्या जुन्या गल्लीत, विड्या वळणाऱ्या तेलुगू शेजारणीकडे, नरसव्वाकडे गेले.

गल्ली यायच्या आधी वास येतो. भिजत घातलेल्या विडीच्या पानांचा हिरवा, जरासा कुबट वास, त्यात तंबाखूची झणझण, आणि कुणाच्या तरी घरात शेंगदाणे भाजत असतात तो खमंगपणा. पूर्वी यात सुताच्या खळीचा वास असायचा आणि मागांचं तेल. तो आता नाही. माग बरेचसे बंद पडले, काही लांब कारखान्यांच्या वसाहतीत गेले. पूर्वी गल्लीत शिरलं की आवाज अंगावर यायचा. खटाक खट, खटाक खट. घराघरात माग, घराघरात आवाज, आणि बोलायचं तर ओरडून. भांडण आणि प्रेमाचं बोलणं एकाच पट्टीत व्हायचं, त्यामुळे नवीन माणसाला कळायचं नाही कोण कोणावर रागावलंय.

मामांना यातलं काही ऐकू यायचं नाही. मिलच्या साचेखात्यात, मागांच्या दणदणाटात तीस वर्षं उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेले होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी तिथून दोन गोष्टी आणल्या असं ते म्हणायचे, एक बहिरेपण आणि दुसरे कोरे छापील फॉर्म. त्या फॉर्मांच्या पाठीवर त्यांनी कादंबरी लिहिली. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, कपाळाला भस्म, मग कडक भाकरी दुधात चुरून खायची आणि खिडकीत बसायचं. लिहिताना ते स्वतःशी हसायचे आणि आपलं हसू त्यांना ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्यानं हसायचे. सासूबाई आतून म्हणायच्या, "सुटलं बगा गाडं." उन्हाळ्यात खिडकीला ओलं गोणपाट लावलेलं असायचं, त्यातून गार वारा आणि मातीचा वास यायचा, आणि पानांवर पाण्याचे शिंतोडे उडून शाई पसरायची. थंडीत गड्ड्याची जत्रा लागली की लिखाण बंद. त्या दिवसांत मामा पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागं जायचे आणि येताना माझ्यासाठी आठवणीनं बांगड्या आणायचे, नेहमी एक माप मोठ्या.

माग आठवड्यातून एक दिवस बंद असायचे. त्या दिवशी दुपारी बारानंतर लाईटच नसायची. दुपारी नरसव्वाच्या ओट्यावर मामांचं वाचन चालायचं. पाच-सहा बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. विडीवाल्या बायकांचे हात ज्यानं पाहिले नसतील त्याला सांगून कळायचं नाही. पान घेतलं, चिमूट भरली, वळली, टोक मुडपलं, दोरा बांधला, टाकली. डोळे कुठंही असोत, तोंड काहीही बोलत असो, हात चालू. पोर रडलं तरी चालू, दारात पाहुणा आला तरी चालू. उगाच कोणी हात थांबवत नाही, कारण थांबलेला हात संध्याकाळी सुपात दिसतो.

मामांनी हेच माप धरलं होतं. त्यांना हसू ऐकू यायचं नाही, आणि वाचताना मान वर केली तर जाड भिंगातून ओळ पुन्हा सापडायची नाही. म्हणून मला शेजारी बसवायचे. माझ्या हातात लाल पेन्सिल. "हितं बस पोरी. त्यांच्या तोंडाकडं बगू नगं. तोंड हसतंय ते माज्या वयाकडं बगून. हात थांबतोय तो गोष्टीपायी. हात थांबला की ठिपका मारायचा."

ठिपका पडला ती ओळ राहायची. ज्या पानावर एकही ठिपका नाही, ते पान मामा काढून टाकायचे. हळहळ नाही, काही नाही. आज जी कादंबरी लोक वाखाणतात ना, 'एकही शब्द फालतू नाही' म्हणतात, ती सहा विडीवाल्या बायकांच्या हातांनी चाळून निघालेली आहे. हे मी प्रकाशनाच्या समारंभात सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. बाकीचं मात्र सांगितलं नाही.

बाकीचं असं, की मी दुधनीची, कर्नाटकच्या सीमेवरची. माहेरी कानडी-मराठी दोन्ही, वडिलांचं अडतीचं दुकान. दुधनीत कुणी मोठा माणूस गेला की बाजार बंद होतो. अडत बंद, पिठाची गिरणी बंद, एकदम सगळं गप्प. मग बायका डोक्यावरून पदर घेऊन त्या घरी जातात आणि गेलेल्याचे गुण गात रडतात. नुसतं रडायचं नसतं, गुण सांगायचे असतात. मी लहानपणी आईच्या मांडीला टेकून हे ऐकत आले होते, मला ते पाठ होतं.

लग्न होऊन सोलापुरात आले त्याला चारच दिवस झाले होते. चार दिवस मागांच्या आवाजानं माझं डोकं भणभणत होतं. पाचव्या दिवशी दुपारी घरात मी एकटीच, आणि अचानक गल्लीतले सगळेच्या सगळे माग एका क्षणात थांबले. इतकं गप्प झालं की कावळा ऐकू आला. मला दुधनीचा बंद बाजार आठवला. कुणीतरी गेलं, आणि मोठंच कुणीतरी गेलं. सासूबाई घरी नाहीत, म्हणजे घराण्याची अब्रू आता माझ्यावर. अर्धा तास वाट पाहिली, मग पदर घेतला आणि बाहेर पडले. समोरच मागांचे मालक राहायचे, मल्लय्या कारखानदार. त्यांच्या दारात बाज, बाजेवर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढलेला माणूस, आणि शेजारी बायका माना खाली घालून गप्प बसलेल्या. आणखी काय पुरावा पाहिजे?

त्या बायका विड्या वळत होत्या. माग बंद म्हणून कारखानदार आठवड्यातली एकच शांत झोप काढत होते. पण हे मला कसं कळावं? मी बाजेच्या पायथ्याशी बसले आणि आमच्याकडे बापाला मारतात तशी कानडीत हाक मारून सुरू केलं. "यप्पा, यप्पा!"

पुढचं काय झालं ते गल्लीनं मला तीन वर्षं ऐकवलं. पाणी भरायला गेले तरी एखादी पोर मागून हळूच म्हणायची, "यप्पा!" तीन वर्षांनी ते जरा विरलं. मला मुलगी झाली होती, माझ्या शेंगाच्या चटणीला गल्लीत नाव झालं होतं, मी आता अमुकची आई होते. आणि नेमक्या त्या उन्हाळ्यात एका दुपारी मामांनी नरसव्वाच्या ओट्यावर नवं प्रकरण काढलं आणि पहिल्याच ओळीत दुधनीची सून आली.

मी पेन्सिल धरून बसलेली. मामांचं बोट ओळीवरून सरकत होतं, त्यांचा तो दणकट बहिरा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जात होता. पहिल्या पानावर नरसव्वाचा हात थांबला. मग तिच्या शेजारणीचा. दुसऱ्या पानावर सगळ्यांचे थांबले. एकीच्या सुपातली पानं खाली सांडली, एक भिंतीला डोकं टेकून डोळे पुसत होती. मी एकही ठिपका मारला नाही. दुसऱ्या पानानंतर तर मी ऐकलंसुद्धा नाही. कानात नुसती गरम हवा, आणि मनात एकच, की हे छापलं तर दुधनीपर्यंत जाईल, माझे वडील वाचतील, माझ्या मुलीला शाळेत पोरं चिडवतील.

मामांचं वाचून झालं. त्यांनी भिंगं कपाळावर सरकवली आणि वर पाहिलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मामांनी त्या पाहिल्या. मग मांडीवरची पानं पाहिली, पांढरी स्वच्छ. मग माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते.

"बरं," मामा म्हणाले.

चारही पानं बाडातून सोडवून त्यांनी माझ्या हातात दिली. "हे तुजं हाय. ठेव न्हायतर जाळ." आणि लगेच पुढच्या प्रकरणाकडे वळले, त्यात कुणाचीतरी बकरी मागात अडकली होती, आणि आवाज अजिबात न बदलता वाचत सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवताना मी ती पानं आत घातली. वाचलीसुद्धा नाहीत. मामा त्याच पाण्यानं आंघोळ करून आले, कपाळाला भस्म लावलं आणि खिडकीत जाऊन बसले. पुढं सत्तावीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. त्यांनी त्या पानांचा विषय एकदाही काढला नाही आणि मीही नाही. पुढच्या प्रकरणांत सून नुसता चहा आणून द्यायला लागली.

मामा गेले तेव्हा सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. थोरली सून, दुधनीची, आता ही गुण गाईल. मी पायथ्याशी बसले, तोंड उघडलं आणि मला बाज आठवली, पांढरी चादर आठवली. गुण सांगायला लागले आणि हसू फुटलं तर? मी ओठ घट्ट मिटून घेतले. एवढ्या मोठ्या माणसाला मी मुक्यानं घालवलं. लोक म्हणाले, धक्का बसला असेल. धक्का कसला, मेल्या माणसासमोर हसू आवरत होते मी, आणि ते आवरता आवरता रडूही आत राहून गेलं. त्यांची एवढी माया मी खाल्ली आणि एकदाही तोंडानं म्हटलं नाही, की मामा, छान लिहिता हो.

तर परवा नरसव्वाकडे गेले. ओटा तोच, वर पत्रा नवा. नरसव्वा भिंतीला टेकून, मांडीवर सूप. नजर अधू झाली आहे, बोटांची पेरं सुजली आहेत, तरी विडी चालूच. डोळ्यांचं काम तसंही तिला कधी नव्हतंच.

"कोण? दुधनीची व्हय गं?"

"कसं ओळखलं?"

"चप्पल फरफटते की तुजी. पयल्या दिवसापासून फरफटते. बस, अम्मा, बस. पाणी पी."

तिच्या सुनेनं पाणी दिलं. मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले, आणि मग एकदम सगळं सांगून टाकलं. ठिपके, बंब, फोन, समीक्षक, सगळं. नरसव्वाचे हात चालू होते.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "ठिपका नाही मारला तू. मी बघत हुते की. घरी जाऊन आमच्या म्हाताऱ्याला बोलले बी, त्या पोरीनं सासऱ्याचं नाक कापलं म्हणून. लई राग आला हुता मला तुजा."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुज्या मामानंच 'बरं' म्हटलं, मग मी कोण?"

मी वही उघडली. "नरसव्वा, तुला त्यातलं काही आठवतं?"

"काही म्हंजे? समदं आठवतंय. इतकी वर्षं सांगते मी ती गोष्ट. सुना आल्या की सांगते, नातसुना आल्या की सांगते. नवीन पोरगी रडाय लागली की सांगते, दुधनीची एक सून हुती म्हणून. हसतात, मग राहतात." तिनं एक विडी टाकली, दुसरं पान उचललं. "लिव."

आणि ती सांगायला लागली. मामांचे शब्द आणि तिचे शब्द यातलं कुठलं कुणाचं हे आता शिव जाणे. तेलुगू हेल काढून ती माझंच कानडी रडणं करून दाखवत होती, आणि मी मान खाली घालून लिहीत होते. चार दिवसांची सून. माग थांबले. कावळा ओरडला. बाज, चादर. सून पायथ्याशी बसली आणि गुण गायला लागली. यप्पा, तुझ्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. यप्पा, तहानलेल्याला तू पाणी दिलंस, लेकरांना सावली दिलीस. आणि सगळी गल्ली जाणत होती, की हा कारखानदार दारात कावळ्यालाही पाणी ठेवत नाही. तो चादरीखाली जागा झालेला होता. उभा जन्म विजापूर-गुलबर्ग्याच्या बाजारात चादरी विकलेला माणूस, कानडी त्याला शब्द न् शब्द कळत होतं. जन्मात कुणी आपल्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं त्यानं ऐकलं नव्हतं. सून दम घ्यायला थांबली, तेव्हा चादर नाकापर्यंत खाली आली, आणि दोन डोळे तिच्याकडे बघत म्हणाले...

"'पुढं?'" नरसव्वा म्हणाली. अगदी कारखानदारासारखं, समाधानानं.

मला हसू फुटलं. साधंसुधं नाही. चाळीस वर्षं आत कोंडलेलं, नाकातून, डोळ्यांतून येणारं. पेन वहीवरून घसरलं. मी दोन्ही हातांनी पोट धरलं, आतून नरसव्वाची सून बघायला आली, ती मला बघून हसायला लागली.

"थांबला की हात," नरसव्वा म्हणाली. "मार ठिपका."

लाल पेन्सिल नव्हती. पेनानंच मारला. मग डोळे पुसले, वही नीट धरली आणि विचारलं, "पुढं?" मामांनी पुढं काय लिहिलं होतं ते मला खरंच ठाऊक नव्हतं. शेवटची दोन पानं मी ऐकलीच नव्हती.

"पुढं तू पळालीस की, एक चप्पल टाकून. आणि दुसऱ्या दिवशी कारखानदारानं दारात पाण्याचा रांजण ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला. तू बोललीस ते खरं करायला. मरेपर्यंत भरत हुता तो रांजण." ते खरं होतं. तो रांजण मी पाहिलेला होता, त्यातलं पाणी प्यायले होते. तो माझ्यामुळं आला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा मामांनी सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं.

"आणि शेवटाला मामानं असं लिवलं हुतं." नरसव्वानं आवाज बदलला, मोठा केला, बहिऱ्या माणसासारखा. "'माणूस मेला की गल्ली त्याचे गुण गाते. तवा त्याचे कान गेलेले असतात. आमच्या सुनेनं एका माणसाला ते जित्तेपणी ऐकवलं. असली सून सगळ्यांना मिळू दे. मला मिळाली हाय.'"

मी लिहीत नव्हते. गल्लीत कुठल्यातरी घरात एक माग चालू होता, एकच, लांब. वहीचं पान तसंच होतं आणि माझा हात त्याच्यावर.

मग माझ्या लक्षात आलं, की नरसव्वाचाही हात थांबलेला आहे. अर्धी वळलेली विडी बोटांत धरून ती माझ्या दिशेनं बघत होती.

"लिवलंस काय?" तिनं विचारलं.

"लिहिते," मी म्हटलं, आणि ते वाक्य लिहून त्याच्या शेजारी दोन ठिपके मारले.